राजाची प्रार्थना, प्रजासत्ताकाची पोथी

‘हॅमिल्टन’ या संगीतिकेच्या प्रेक्षकांना सॅम्युअल सीबरी आठवतात ते तरुण अलेक्झांडर हॅमिल्टनपुढे वादात निष्प्रभ ठरणारे राजनिष्ठ धर्मगुरू म्हणून. मात्र स्वतंत्र अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चला जे प्रार्थनापुस्तक लाभले, त्याच्या घडणीत याच पराभूत माणसाचा मोठा वाटा होता.

सीबरी यांचा जन्म ३० नोव्हेंबर १७२९ रोजी कनेटिकटमधील ग्रोटन येथे झाला. येलमधून १७४८ साली पदवी घेतल्यावर त्यांनी एडिंबरोत वैद्यकाचे अध्ययन केले आणि १७५३ मध्ये लंडनला धर्मदीक्षा घेतली. वसाहतींत बिशप नसल्याने दीक्षार्थीला अटलांटिक ओलांडावाच लागे. दीक्षेबरोबर राजनिष्ठेची शपथही येई. ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’ या पोथीनुसार उपासनेत राजासाठी प्रार्थना म्हणणे बंधनकारक होते.

१७७४ मध्ये ‘वेस्टचेस्टरचा शेतकरी’ या टोपणनावाने त्यांनी काँटिनेंटल काँग्रेसविरुद्ध पत्रके लिहिली. पुढच्याच वर्षी क्रांतिवाद्यांनी त्यांना पकडून काही आठवडे न्यू हेवनमध्ये डांबले. १७७६च्या स्वातंत्र्यघोषणेनंतर तर पेच अधिकच बिकट झाला. राजासाठी प्रार्थना म्हणावी तर देशद्रोह, गाळावी तर शपथभंग! अनेक धर्मगुरूंनी चर्चची दारेच बंद केली. सीबरी न्यूयॉर्कला ब्रिटिश फौजेच्या आश्रयाला गेले.

युद्ध संपत आले तेव्हा, मार्च १७८३ मध्ये, कनेटिकटच्या धर्मगुरूंनी वुडबरी येथे त्यांची बिशपपदासाठी निवड केली. सीबरी लंडनला गेले. पण राजनिष्ठेच्या शपथेविना अभिषेक करणे इंग्लिश बिशपांना कायद्याने शक्य नव्हते आणि स्वतंत्र देशाच्या बिशपाला ती शपथ घेणे शक्य नव्हते. वर्षभराहून अधिक काळ तिष्ठल्यावर ते स्कॉटलंडकडे वळले. तेथील एपिस्कोपल बिशप हॅनोव्हर घराण्याची सत्ताच मानत नव्हते. ज्या राजासाठी सीबरी यांनी तुरुंगवास सोसला, त्यालाच नाकारणाऱ्यांच्या हस्ते १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबरडीन येथे त्यांचा अभिषेक झाला.

त्या वेळी झालेल्या करारानुसार स्कॉटिश प्रभुभोजनविधीचा अभ्यास करून तो कनेटिकटमध्ये रूढ करण्याचा प्रयत्न त्यांनी मान्य केला. भाकर व द्राक्षारसावर पवित्र आत्म्याचे आवाहन करणारी प्रार्थना हे त्या विधीचे वैशिष्ट्य होते. १७८६ साली सीबरी यांनी तो आपल्या प्रांतासाठी छापला. १७८९ मध्ये फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात नव्या राष्ट्राचे प्रार्थनापुस्तक संमत झाले, तेव्हा या आवाहनाला त्यात स्थान मिळाले. राजासाठीच्या प्रार्थनेची जागा मात्र राष्ट्राध्यक्षांसाठीच्या प्रार्थनेने घेतली.

अमेरिकेत पूजेचा संकल्प सोडताना देशकालाचा उच्चार बदलतो, पूजा तीच राहते, हे मराठी घरांना नवे नाही. सीबरी यांच्या पिढीला अशा एका बदलासाठी तुरुंग, युद्ध आणि समुद्रप्रवास यांतून जावे लागले. २५ फेब्रुवारी १७९६ रोजी न्यू लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी आणलेला वारसा एपिस्कोपल चर्चच्या १९७९च्या प्रार्थनापुस्तकातही टिकून आहे.