वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोग व कुष्ठरोग यांचे संशोधक आणि वैद्यकाचे अध्यापक होते. रोगामुळे शरीरातील ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणे हे त्यांचे जन्मभराचे कार्य होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख होते आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक-संचालक होते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

शिक्षण आणि अध्यापन

खानोलकरांचे वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झाले. १९२३ साली त्यांनी त्या विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. भारतात परतल्यावर मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. त्या काळी आपल्याकडे विकृतिशास्त्र हे मुख्यतः शवविच्छेदनगृहातील व परीक्षेपुरते शास्त्र मानले जाई. रोगनिदान आणि संशोधन या दोहोंचा पाया ऊतींच्या परीक्षणावर घातला पाहिजे, ही दृष्टी रुजविण्यात खानोलकरांचा मोठा वाटा आहे. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांची व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली; तिच्या संस्थापकांत ते अग्रणी होते.

ऊती आणि विकृतिशास्त्र

खानोलकरांच्या कार्याचे स्वरूप कळण्यासाठी ऊती म्हणजे काय हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. समान रचना असलेल्या आणि ठरावीक कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. प्राण्यांच्या शरीरात ऊतींचे चार मुख्य प्रकार आढळतात. अभिस्तर ऊती त्वचेचे व तोंड, अन्ननलिका इत्यादी पोकळ्यांचे अस्तर बनविते. संयोजी ऊती अवयवांना आधार देते व एकमेकांशी जोडते. अस्थी, कास्थी व रक्त यांचाही समावेश तिच्यात होतो. स्नायू ऊतीमुळे हालचाल घडते, तर चेता ऊती संवेदनांचे वहन करते. वनस्पतींमध्ये वाढीच्या टोकाशी असणारी विभाजी ऊती आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या स्थायी ऊती असे दोन मुख्य गट असतात. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या व अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या या स्थायी ऊतींपैकीच होत.

पेशींचे विभाजन अनिर्बंध होऊ लागले की गाठ निर्माण होते. वनस्पतींनाही अशा गाठी येतात. परंतु त्यांच्या पेशी भोवतीच्या पेशीभित्तिकांमुळे जागच्या जागी जखडलेल्या असल्याने गाठ सहसा इतरत्र पसरत नाही. प्राण्यांच्या पेशींना अशी भिंत नसते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशी आपल्या थराची मर्यादा ओलांडून शेजारच्या ऊतीत शिरतात आणि रक्त व लसीका यांच्या वाटेने दूरच्या अवयवांत पोहोचतात. ही मर्यादा ओलांडली गेली आहे किंवा नाही, हे विकृतिशास्त्रज्ञाला ठरवावे लागते. त्यासाठी रुग्णाच्या ऊतीचा लहानसा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवितात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रुग्णाला कर्करोग आहे की साधी जखम, याचा निर्णय बहुधा या कापावरच होतो.

टाटा मेमोरियल रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर टाटा विश्वस्तनिधीने मुंबईत परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. कर्करोग हा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील रोग असून भारतात तो क्वचितच आढळतो, असा समज त्या वेळी बराच रूढ होता. देशाच्या निरनिराळ्या भागांतून परळला येणाऱ्या रुग्णांच्या ऊतिपरीक्षणांतून या समजाला छेद देणारा पुरावा साठत गेला.

१९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. भारतात कर्करोग कमी नाही, मात्र त्याची शरीरातील स्थाने वेगळी आहेत आणि येथे तोंड व घसा यांच्या कर्करोगाचे प्रमाण विशेष आहे, ही बाब अशा अभ्यासांतून ठळक झाली.

चालीरीती आणि कर्करोग

१९४५ मध्ये खानोलकर व त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी लोकांच्या सवयींशी निगडित असलेल्या कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन केले. पहिला धोतराचा कर्करोग. कमरेला धोतर घट्ट कसून वर्षानुवर्षे नेसल्याने एकाच जागी त्वचा घासली जाते, काळवंडते, तिच्यावर व्रण पडतो आणि काही जणांत तेथे कर्करोग उद्भवतो. दुसरा चुट्ट्याचा कर्करोग. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाची विडी जळते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत आहे. तीमुळे टाळूचा कर्करोग होतो. एरवी टाळूच्या पुढील कठीण भागाचा कर्करोग विरळ असतो. तिसरा खैनीचा कर्करोग. तंबाखू व चुना यांचे मिश्रण खालच्या ओठाच्या आतील खाचेत धरून ठेवणाऱ्यांमध्ये तो नेमका त्याच खाचेत आढळतो.

या निरीक्षणांचे महत्त्व वैद्यकापुरते मर्यादित नाही. रोगाचे स्थान आणि सवयीचे स्थान एकच आहे, हे दिसून आल्यावर कर्करोग हा निव्वळ दैवाचा भाग राहत नाही. बाह्य कारण दूर केल्यास तो टाळता येण्याजोगा आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. तंबाखूविरोधी प्रचाराचे आज जे स्वरूप दिसते, त्याच्या कितीतरी आधी हा विचार भारतीय रुग्णांच्या ऊतींच्या आधारे मांडला गेला होता. पुढे १९५० च्या सुमारास खानोलकरांनी वंश, आहार व रूढी यांच्या संदर्भात भारतातील कर्करोगाची व्यापक मांडणी केली.

सत्यवती शिरसाट यांच्यासमवेत त्यांनी तोंडातील आच्छादनाखालची संयोजी ऊती निबर होऊन तोंड उघडणे कठीण होते, त्या विकाराचाही अभ्यास केला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सदोष आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सॅसीन हे तिखट द्रव्य लावून ऊतींतील बदल तपासण्यात आले. नंतरच्या संशोधनाने या विकाराचे प्रमुख कारण सुपारी असल्याचे दाखविले. तथापि आहार, बाह्य दाह आणि ऊतींची प्रतिक्रिया यांचा एकत्र विचार करण्याची दिशा या प्रयोगात स्पष्ट दिसते.

कुष्ठरोगावरील संशोधन

खानोलकरांचे दुसरे महत्त्वाचे क्षेत्र कुष्ठरोग हे होते. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला होता. मात्र तो शरीरात कोठे दबा धरतो आणि कसा पसरतो, हे पुरेसे स्पष्ट नव्हते. खानोलकरांनी अगदी प्राथमिक अवस्थेतील चट्ट्यांचे काप तपासले. १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा हा अभ्यास प्रसिद्ध केला. चट्टा फिकट व किरकोळ दिसत असतानाही त्वचेतील बारीक चेतातंतूंमध्ये जंतू असल्याचे त्यांना आढळले. जंतू चेतातंतूंच्या टोकांतून आत शिरतात व तंतूंच्या आधाराने पुढे सरकतात, असे मत त्यांनी मांडले.

रुग्णाच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ मोठा होता. कुष्ठरोगात हातापायांची बोटे झडतात ती जंतूने मांस खाल्ल्यामुळे, असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात चेता ऊतीला इजा झाल्याने बधिरता येते. भाजलेले वा कापलेले कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांमुळे अवयवाची हानी होते. चेतांना होणारी इजा लवकर ओळखून उपचार केल्यास विकृती टाळता येते. ज्या रोग्यांना समाजाने गावाबाहेर टाकले, त्यांच्यासाठी रोगाचे हे शास्त्रीय स्वरूप स्पष्ट होणे अत्यंत मोलाचे होते.

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. खानोलकर, कमल रणदिवे व सी. व्ही. बापट यांनी चेता ऊतींच्या संवर्धनाचा उपयोग करून रुग्णापासून एक जंतू वाढविला व त्याचे वर्णन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आय.सी.आर.सी. जंतू म्हणून ओळखला जातो. हा जंतू कुष्ठरोगाचाच आहे हे मत मान्य झाले नाही. तो अन्य मायकोबॅक्टेरियांच्या गटातील असल्याचे पुढे मानले गेले. तरीही त्यापासून कुष्ठरोगप्रतिबंधक लस तयार करण्यात आली आणि तिच्या चाचण्या भारतात झाल्या.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. केवळ वैद्यांनी कर्करोगाचे कोडे सुटणार नाही, त्यासाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, आनुवंशिकी व भौतिकी यांतील अभ्यासकांनी एकत्र यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे या केंद्रात निरनिराळ्या शाखांतील तरुण संशोधक घडले आणि त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती.

कमल रणदिवे यांनी पुण्यात वनस्पतींच्या पेशीआनुवंशिकीवर, सीताफळाच्या कुळासंबंधी, पदव्युत्तर अभ्यास केला होता. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परतल्या आणि केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. सत्यवती शिरसाट यांनी तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींचा अभ्यास सुरू केला. एल. डी. संघवी यांच्यासह खानोलकरांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांतील रक्तगट व इतर आनुवंशिक लक्षणांची तुलना केली. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या प्रारंभीच्या अभ्यासांत तिची गणना होते.

१९६२ मध्ये रुग्णालय व केंद्र या दोन्ही संस्था अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आल्या आणि १९६६ मध्ये त्यांचे टाटा मेमोरियल केंद्र या नावाने एकत्रीकरण झाले.

सार्वजनिक कार्य आणि सन्मान

खानोलकर हे आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ मध्ये नेमलेल्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यानंतर भारत सरकारने त्यांची वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली. पद्मभूषण हा किताबही त्यांना मिळाला.

मृत्यू आणि वारसा

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, खानोलकरांचे निधन झाले. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधन संकुलात त्यांच्या नावाची ‘खानोलकर शोधिका’ ही वास्तू आहे. त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानेही आयोजित केली जातात. तोंडाचा कर्करोग आजही भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्यामागे तंबाखू व सुपारी हीच प्रमुख कारणे आहेत. एक हजार रुग्णांच्या नोंदींतून खानोलकरांनी ज्या प्रश्नाकडे लक्ष वेधले, तो अद्याप सुटलेला नाही. मात्र तो टाळण्याचा मार्ग त्यांच्या पिढीने दाखवून दिला आहे.