कवी विल्यम कूपर ह्यांचे दुखणे

ज्यांची भक्तिगीते अनेक देशांतील मंडळ्यांत गायिली जातात, त्या विल्यम कूपर ह्यांस मनाच्या एका दुखण्याने वारंवार ग्रासिले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. इंग्लंडातील बर्खमस्टेड गावी १७३१ साली पाळकाच्या घरी ते जन्मले. वयाच्या सहाव्या वर्षी मातृछत्र हरपले. पुढे कायद्याचा अभ्यास करीत असता विशीतच हा उदासपणा प्रथम आला व गेला.

१७६३ साली एका आप्ताने त्यांस पार्लमेंटात नोकरी देऊ केली. तीसाठी उमरावांच्या सभेपुढे परीक्षा द्यावयाची होती. त्या धास्तीने त्यांचे मन पार खचले, आणि त्यांनी आपला जीव घेण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा केला. त्या काळी लंडनच्या बेथलेम इस्पितळातील रोगी पाहावयास लोक तमाशास जावे तसे जात. परंतु कूपर ह्यांच्या आप्तांनी त्यांस सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नथॅनिएल कॉटन ह्यांच्या लहानशा शुश्रूषागृहात नेले. डॉक्टर स्वतः कवी व भाविक होते. ते रोग्याशी ममतेने बोलत.

१७६४ च्या उन्हाळ्यात रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचताना कूपर ह्यांस आशा लाभली. आपले उपदेशक एवढीच गोष्ट सांगतात व आधीचे सात महिने गाळतात! डॉक्टर मात्र हुरळले नाहीत. एवढ्या अकस्मात आनंदाचीही त्यांस काळजी वाटली, व त्यांनी रोग्यास १७६५ च्या जूनपर्यंत आपल्यापाशी ठेविले.

पुढे ओल्नी गावी पाळक जॉन न्यूटन ह्यांच्या सहवासात त्यांनी गीते रचिली. तरी १७७३ साली दुखणे उलटले. देवाने आपणांस टाकिले, अशी त्यांची समजूत झाली व उपासनेस जाणे कायमचे सुटले. हे विश्वासाची उणीव नव्हे, की भूतबाधाही नव्हे. आज डॉक्टर ह्यास वारंवार येणारे नैराश्य म्हणतात. झोप, भूक, पूर्वीची दुखणी, घराण्यातील दुखणी ह्यांची ते विचारपूस करितात. जीव देण्याचे विचार येतात काय, हेही स्पष्ट विचारितात. असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. औषधे व संभाषण ह्यांनी बहुतेकांस उतार पडतो. मात्र बरे वाटताच आपल्या मनाने औषध सोडू नये. कूपर ह्यांच्या काळी अशी औषधे नव्हती. न्यूटन ह्यांनी त्यांस वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेविले, आणि मेरी अन्विन बाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली. पुढे सुतारकाम, बाग व तीन पाळीव ससे ह्यांत त्यांचे मन रमू लागले. १७८५ साली त्यांचे मोठे काव्य प्रसिद्ध झाले.

१७८७ व १७९४ साली दुखणे पुन्हा आले. अन्विन बाईंस अर्धांगवायू झाला, तेव्हा कूपर त्यांची सेवा करीत. त्या १७९६ साली वारल्या. जॉन्सन नावाच्या तरुण आप्ताने कूपर ह्यांस शेवटपर्यंत आपल्या घरी सांभाळिले. तेथेच ईस्ट डिरहॅम गावी २५ एप्रिल १८०० रोजी त्यांचे देहावसान झाले.