अडचणीलाच कामाला लावणारा बॉब

ब्रेडबोर्डवर आठ पायांची काळी ७४१ आयसी कधी लावलीय? परभणी असो की पुणे, इलेक्ट्रॉनिक्सची लॅब म्हटलं की ती असतेच. ती १९६८ साली डेव्ह फुलागर यांनी डिझाइन केली. पण तिची वाट पाडली ती बॉब विडलरनं.

जन्म ३० नोव्हेंबर १९३७, अमेरिकेतलं क्लीव्हलँड. वडील रेडिओ इंजिनिअर. बॉबनं हवाई दलात सैनिकांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, कोलोरॅडो विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९६३ मध्ये फेअरचाइल्ड कंपनी गाठली.

तेव्हा बोर्डावरचं सर्किट जसंच्या तसं चिपवर उतरवायचा प्रयत्न व्हायचा आणि तिथंच गाडी अडायची. चिपवर रेझिस्टरची किंमत वीस टक्क्यांनी सहज चुकते. मोठा रेझिस्टर तर नुसती जागा खातो. बॉबनं आधी पाहिलं, चिपला काय चांगलं जमतं? शेजारी-शेजारी बनलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावंडांसारखे असतात, तापतातही सोबतच. शिवाय स्वस्त! मग त्यानं सगळा हिशेब या जुळेपणावर बसवला. दोन ट्रान्झिस्टर आणि एका छोट्या रेझिस्टरवर अगदी बारीक करंट मिळवायची त्याची युक्ती आज तुमच्या पुस्तकात ‘विडलर करंट सोर्स’ नावानं आहे.

चिप प्रत्यक्ष बनवायची प्रक्रिया डेव्ह टालबर्ट सांभाळायचा. डिझाइन आणि कारखाना असे हातात हात घालून चालले, म्हणून १९६४ ला ७०२ आणि १९६५ ला ७०९ हे अॅम्प्लिफायर आले. ७०९ तर तुफान खपली. पुढं दोघं नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये गेले.

बॉब वल्ली माणूस. १९७० मध्ये खर्चकपातीत कंपनीनं हिरवळ कापणं थांबवलं, तर यानं गाडीतून चक्क मेंढी आणली! दारूचं व्यसनही होतं, ते झाकायचं कारण नाही. त्याच वर्षाच्या शेवटी नोकरी सोडून तो मेक्सिकोत राहायला गेला. तिथंच २७ फेब्रुवारी १९९१ ला, अवघ्या ५३ व्या वर्षी, हृदयविकारानं गेला.

आता म्हणाल, सगळं डिजिटल झालंय, अॅनालॉग कशाला? आपल्या काळ्या मातीतला ओलावा मोजायचा सेन्सर घ्या. त्याचा व्होल्टेज नीट वाढवून मगच आकड्यांत बदलावा लागतो. तो पहिला टप्पा कच्चा राहिला, तर पुढचं सॉफ्टवेअर चुकीचाच आकडा देणार.

तेव्हा पुढच्या प्रोजेक्टला बसताना कागदावर दोन रकाने पाडा. हातातल्या पार्टला काय जमत नाही आणि काय मस्त जमतं. सुरुवात दुसऱ्या रकान्यापासून करा.