वर्ध्याचे डॉ. खानखोजे आणि रानटी मका

वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनार डोळ्यांसमोर येतात. परंतु गांधीजी येथे येण्याच्या कितीतरी आधी याच गावात जन्मलेला एक तरुण बंदुकीच्या वाटेने देशाबाहेर पडला आणि शेवटी मक्याच्या शेतात जाऊन पोचला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव.

त्यांचे सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यास आणि पुढचे नागपुरास झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत होरपळला, तेव्हा ते विद्यार्थी होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण घर सोडून निघाला, तो जपानमार्गे अमेरिकेत पोचला. तेथे त्यांनी एकीकडे लष्करी शाळेत कवायत शिकून घेतली आणि दुसरीकडे ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तान, इराण, बलुचिस्तानची सरहद्द असे इंग्रजांशी झुंजत फिरले. तो उठाव फसला. पुढे बर्लिन आणि मॉस्को पाहून १९२४ साली ते मेक्सिकोत उतरले. मायदेशाचे दार तर बंदच झालेले होते.

मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमीन कुळांच्या हाती येऊ लागली होती. पण नुसत्या जमिनीने पोट भरत नाही, चांगले बियाणेही लागते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले आणि त्यांनी मक्याचा प्रश्न हाती घेतला.

मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी. तेथे बांधावर, कधी ऐन पिकातही, तेओसिंते नावाचे रानटी गवत उगवते. मक्याचा पूर्वज तो हाच. त्याला एका बुंध्यातून अनेक फुटवे येतात. कणीस मात्र बोटाएवढे, पाच-दहा दाण्यांचे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. माणसाने सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी निवड सुरू केली आणि या गवताचा भरदार मका झाला. पण या निवडीत दाणा मोठा होताना रानातले काही गुण मागे राहिले. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटतो, त्यातच हे गुण शिल्लक असतात. खानखोज्यांनी या दोहोंचा संकर घडवून आणला.

दोघांतही गुणसूत्रांच्या दहाच जोड्या असल्याने हा संकर जमतो आणि त्याचे रोप वांझ निघत नाही. मक्याचा तुरा पराग सांडण्याआधी खुडायचा, कणसाचे केस बाहेर येण्यापूर्वी त्यावर पिशवी बांधायची, मग रानटी रोपाचे पराग आणून त्या केसांवर टाकायचे. हे ऐकायला सोपे वाटते. खरी कसोटी पुढेच असते. पहिल्या पिढीत चांगल्या गुणांबरोबर रानातले दोषही येतात. म्हणून पुन्हा मक्याशी संकर, पुन्हा निवड असे करीत राहावे लागते. आणि प्रत्येक पिढीला एक अख्खा हंगाम जातो. ज्या माणसाने उठाव एका दिवसात होईल असे स्वप्न पाहिले होते, त्याने हा धीर कसा कमावला असेल, याचा विचार करण्यासारखा आहे.

एका ताटावर अधिक दाणे मिळावेत म्हणूनही त्यांची धडपड होती. 'ग्रानादा', म्हणजे डाळिंब, या नावाच्या मक्यावर त्यांनी १९३६ मध्ये पुस्तिका लिहिली. प्रयोगशाळेतले ज्ञान खेड्यात जावे यासाठी शेतकऱ्यांच्या मोफत कृषिशाळा चालविल्या. तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची आणि शाळांची छायाचित्रे काढली. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांना भाकरी मोडून देताना रंगविले. परक्या देशाने यापेक्षा मोठा मान तो कोणता द्यावा?

आणि स्वदेशाने? देश स्वतंत्र झाल्यावर मध्यप्रदेश सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले. परंतु इंग्रजी अमदानीतील काळ्या यादीमुळे त्यांचा प्रवेश-परवाना आधी नाकारला गेला. ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्यांची यादी त्यांच्या जाण्यानंतरही चालूच होती! १९४९ साली ते येऊन गेले आणि १९५५ मध्ये नागपुरास कायमचे परतले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्यांची तलवार यशस्वी झाली नाही. बियाण्याचे तसे नाही. पेरले की ते पुढच्या हंगामाला उरते. आपल्या जिल्ह्यातील कापूस-तुरीच्या बांधावर उगवणाऱ्या रानरोपांकडे आपण उपटण्यापूर्वी एकदा नीट पाहिले, तरी या वर्धेकराचे स्मरण केल्यासारखे होईल.