राजा नाही, शिलालेख नाही, तरी सांकलियांनी मातीवरून महाराष्ट्राचा इतिहास हजार वर्षं मागे नेला

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ प्रकाशा नावाचं गाव आहे. सातपुड्यातून येणारी गोमाई इथं तापीला मिळते. लोक याला दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वराचं दर्शन घेतात, संगमावर विधी करतात आणि सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस असले तर तिकडचे घोडे बघून घरी जातात. पण संगमाजवळ मातीचं एक जुनं, उंच टेकाड आहे, तिकडं फारसं कुणी बघत नाही.

१९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बाळकृष्ण थापर यांनी हे टेकाड खणलं. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, हा सगळा भाग पश्चिम खानदेशात होता. थापर खाली खाली जात राहिले, तसतशी एकावर एक बसलेली गावं सापडत गेली. सगळ्यात तळाशी होती ताम्रपाषाण काळातली वस्ती. म्हणजे लोक तांबंही वापरायचे आणि दगडाची पातीही, लोखंड अजून यायचं होतं. त्या थरात लाल रंगाची, काळ्या नक्षीची खापरं निघाली. त्यातली काही माळव्याकडच्या धाटणीची होती. त्यानंतर जी आली, त्यांना थापरांनी जोर्वे पद्धतीची भांडी म्हटलं.

आता जोर्वे हे गाव आहे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठी. तापीकाठच्या खापरांना प्रवरेकाठच्या गावाचं नाव का मिळालं?

त्याचं उत्तर आहे एक गुजराती माणूस, ज्यानं आपलं जवळपास सगळं आयुष्य पुण्यात काढलं. हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतला. जन्मले तेव्हा इतके अशक्त होते की हे पोर जगेल असं घरच्यांनाही वाटत नव्हतं. पंधराव्या वर्षी त्यांच्या हातात लोकमान्य टिळकांच्या आर्क्टिक होम इन द वेदाज या पुस्तकाचा गुजराती अनुवाद पडला. त्या वयात त्यातलं किती कळणार? फारसं काही कळलं नाही. पण आर्य कोण, कुठून आले, या प्रश्नानं पोराचं डोकं धरलं ते धरलंच. त्यासाठी संस्कृत शिकायचं ठरवलं. पुढं सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास नावाचे स्पॅनिश गुरू भेटले, नालंदा विद्यापीठावर त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला. कायद्याची पदवीही घेतली, पण वकिली काही केली नाही.

मग लंडन. तिथं गुजरातच्या पुरातत्त्वावर त्यांनी पीएच.डी. केली, १९३७ साली ती पूर्ण झाली. पण खरं शिक्षण वर्गाबाहेर झालं. मॉर्टिमर व्हीलर हे इंग्लंडमधले नामांकित उत्खननतज्ज्ञ तेव्हा मेडन कॅसल नावाचा प्राचीन किल्ला खणत होते. सांकलिया तिथं जाऊन राबले. जमीन थराथरानं कशी उकलायची, कुठली वस्तू कुठल्या थरात मिळाली याची नोंद कशी ठेवायची, हे ते तिथं शिकले. हेच व्हीलर पुढं १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि प्रकाशा खणणारे थापर त्यांच्याच तालमीत तयार झाले. म्हणजे एका अर्थानं दोघं गुरुबंधू.

१९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं. इंग्रज सरकारनं ते १९३४ साली बंद केलं होतं, माजी विद्यार्थी त्यासाठी भांडले आणि ते संशोधन संस्था म्हणून सुरू झालं. सांकलिया तिथं प्राध्यापक म्हणून रुजू झाले ते निवृत्तीपर्यंत.

त्या काळी महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची अवस्था काय होती ते समजून घ्या. लेणी होती, सातवाहनांची नाणी होती, नाणेघाटाचा लेख होता. पण त्याआधी काय? मौर्यांच्या मागं गेलं की सगळा अंधार. हडप्पा, मोहेंजोदडो तिकडं सिंधूकाठी. दख्खनच्या काळ्या मातीत इतकं जुनं कुणी राहत असेल, याचा पुरावा कुणाकडं नव्हता. राजा नाही, लेख नाही, म्हणून इतिहासच नाही, असा साधा हिशोब होता.

सांकलिया नद्यांच्या काठानं फिरायला लागले. आधी गुजरातेत, साबरमतीच्या खोऱ्यात. लांघणजला त्यांना अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, तेव्हा त्यांच्याबरोबर होत्या इरावती कर्वे. होय, युगान्त लिहिणाऱ्या त्याच. आपण त्यांना लेखिका म्हणून ओळखतो, पण हाडं मोजणं हाही त्यांचा अभ्यासाचा विषय होता.

मग १९५०-५१ मध्ये शां. भा. देव यांना सोबत घेऊन सांकलियांनी नाशिक आणि जोर्वे खणलं. जोर्व्यात तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आणि चाकावर घडवलेली, नीट भाजलेली, वाजवली तर खणखणीत आवाज देणारी लाल भांडी मिळाली. तोटीचे गडवे, कंगोऱ्याच्या वाट्या. पुढं अशीच भांडी नेवाशात निघाली, चांदोलीत निघाली, प्रकाशाला निघाली. कार्बन-१४ पद्धतीनं वय काढायची सोय झाली तेव्हा कळलं की जोर्वे संस्कृतीची सुरुवात इसवी सनापूर्वी सुमारे १४०० च्या आसपासची. मौर्यांच्या मागं हजार वर्षं! आणि तापीपासून भीमेपर्यंत तीच भांडी वापरणारे शेतकरी होते. अंधार होता तो आपल्या माहितीत.

पण भांड्यांवरून फार तर माणूस काय खायचा-प्यायचा ते कळेल. तो कुणापुढं हात जोडायचा, हे कसं कळणार? इथं मातीच्या मूर्ती येतात.

नेवाशाला मातीची एक ओबडधोबड स्त्रीमूर्ती सापडली. चेहरा नाही, हात बाजूला पसरलेले. अशा मूर्ती जगभर सापडतात आणि सगळीकडं एकच पंचाईत होते. ही देवी, की पोरींची बाहुली, की जादूटोण्याचं साहित्य? नुसती मूर्ती हातात घेऊन हे सांगता येत नाही. सांकलियांना हा विषय सोडवत नव्हता. डोकं नसलेल्या नग्न देवीवर त्यांनी १९६० मध्ये मोठा लेख लिहिला आणि तिचे धागे थेट पश्चिम आशियापर्यंत नेले. आपल्याकडं जिला लज्जागौरी म्हणतात, त्याच देवीचा हा विषय. रा. चिं. ढेऱ्यांचं त्याच नावाचं पुस्तक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

खरा उलगडा झाला इनामगावला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ मध्ये सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथं काम सुरू केलं. आणि इथं सांकलियांनी पद्धत बदलली. तोवर खोल, उभे खड्डे घ्यायचे आणि काळाचा क्रम लावायचा अशी रीत होती. प्रकाशालाही तसंच झालं होतं. इनामगावला त्यांनी आडवं खणलं. एकेक घर, अंगण, चूल, बळद, गल्ली. जवळजवळ बारा हंगाम काम चाललं. शंभरहून अधिक घरं उघडी झाली. कुंभाराचं घर कुठलं, सोनाराचं कुठलं, गावच्या प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर कुठलं, हे दाखवता आलं. हाडांचा, धान्याचा, मातीचा अभ्यास करणारी मंडळी बरोबर होती. आज हे सगळीकडं चालतं, तेव्हा आपल्याकडं नवं होतं.

तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल डबी पुरलेली सापडली. तिच्यावर झाकण. डबीच्या आत डोकं असलेली एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, हिला डोकं नाही आणि ते मोडलेलंही नाही, मुळात केलेलंच नाही. तिच्याजवळ मातीचा एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला एक भोक होतं आणि बैलाच्या पाठीवरही एक भोक होतं. बारीक काडी घालून बघितली तर बाई बरोबर बैलावर बसली.

ही बाहुली असेल का? बाहुली कुणी डबीत घालून, झाकण लावून घराखाली पुरत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे या मूर्ती भाजलेल्या नव्हत्या. ज्या गावात इतकी सुरेख भांडी भाजली जात होती, तिथं देवी कच्च्या मातीची. म्हणजे ती टिकवायची नव्हतीच. विधीपुरती घडवायची आणि मग मातीच्या हवाली करायची. पोळ्याला मातीचे बैल करून पूजणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इनामगावला लहान मुलांची दफनं खूप मिळाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीतच पुरलेले. त्यामुळं ही देवी बाळंतपण आणि मुलाबाळांशी जोडलेली असावी, असा अंदाज अभ्यासकांनी केला. हा अंदाज आहे, पण तो डबी जिथं सापडली त्या जागेवर उभा आहे.

जागा कळली नाही की काय होतं, याचं उदाहरण कोलंबसाच्या आधीच्या अमेरिकेत बघायला मिळतं. पश्चिम मेक्सिकोत नायारित, हालिस्को, कोलिमा या भागात दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक जमिनीत खोल विहिरीसारखी थडगी खणायचे आणि त्यात भाजल्या मातीच्या मोठ्या सुंदर मूर्ती ठेवायचे. योद्धे, बाळाला घेतलेल्या आया, कोलिमाची गुबगुबीत कुत्री. दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराचा त्यांचा मोठा संग्रह होता. पण त्यातल्या बहुतेक मूर्ती चोरट्यांनी थडगी फोडून विकलेल्या. कुठली मूर्ती कुणाच्या उशाशी होती, कुणाला माहीत नाही. १९९३ मध्ये हालिस्कोतल्या वित्सिलापा गावी एक न लुटलेलं थडगं सापडलं, तेव्हा कुठं तिथल्या लोकांबद्दल खात्रीनं बोलता यायला लागलं.

आपल्याकडंही १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा काढताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशा चार दणदणीत धातूच्या मूर्ती मिळाल्या. त्या लुटीतल्या नव्हत्या, सरकारकडं पोचल्या. तरी शास्त्रीय उत्खननात न मिळाल्यामुळं त्यांच्या काळावरून पंडितांची भांडणं झाली. इनामगावच्या वीतभर मातीच्या बाईबाबत तसं झालं नाही.

सांकलियांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. गडव्यांची तोटी इराणकडच्या भांड्यांसारखी दिसली की लोकही तिकडूनच आले असावेत, याकडं त्यांचा कल होता. पंधराव्या वर्षी डोक्यात शिरलेले आर्य काही शेवटपर्यंत बाहेर गेले नाहीत, असं मला वाटतं. आज अभ्यासक इतकी सरळ उडी मारत नाहीत. रामायणातली लंका समुद्रापार नसून मध्य भारतात होती, असंही त्यांनी मांडलं आणि बराच रोष ओढवून घेतला. पण पुरावा पटला की ते माघार घेत नसत.

१९७३ मध्ये ते निवृत्त झाले, पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७८ मध्ये आत्मचरित्र आलं, बॉर्न फॉर आर्किऑलॉजी नावाचं. इनामगावचा जाडजूड अहवाल मात्र १९८८ पर्यंत रखडला. त्यावर ढवळीकर आणि अन्सारींबरोबर सांकलियांचंही नाव आहे. तो छापून आल्यावर थोड्याच दिवसांत, २८ जानेवारी १९८९ ला, सांकलिया गेले.

डबीतली ती बाई, बिनडोक्याची तिची जोडीदारीण आणि तिचा बैल पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत.