खंजिरीचा सूर कसा बदलत गेला? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा प्रवास

एका हातात मावणारं, कडेला झांजा लावलेलं छोटंसं वाद्य म्हणजे खंजिरी. विदर्भाच्या गावागावांत तिची ओळख एका नावाशी जोडलेली आहे, ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

त्यांचं मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. अमरावती जिल्ह्यातल्या यावली इथे 30 एप्रिल 1909 रोजी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी असल्याने शिक्षण अर्धवट राहिलं. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिलं. पुढे लहान वयातच माणिकने घर सोडलं आणि चिमूर परिसरातल्या रामदिघीच्या जंगलात साधना केली.

सुरुवातीची भजनं भक्तीची होती. पण मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांतली सोपी रचना आणि खंजिरीचा ठेका यामुळे ती लोकांच्या तोंडी बसली. 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. 1936 मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला राहिले. भजनांत आता देशाचा विषय येऊ लागला.

1942 मध्ये त्याचा परिणाम दिसला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात महाराजांच्या भजनांनी लोक पेटून उठले होते. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी चिमूरमध्ये उठाव झाला. गोळीबारात आंदोलक पडले, जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर गावाला लष्कराचे अत्याचार सोसावे लागले. 28 ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

सुटकेनंतर सूर पुन्हा बदलला. परकी सत्ता जाईलही, पण गावातली अस्पृश्यता, व्यसनं, अस्वच्छता आणि कर्जबाजारीपणा कसा जाणार? भजनं आता हे प्रश्न मांडू लागली. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई सुरू झाली. हाच विचार त्यांनी 'ग्रामगीता' या ओवीबद्ध ग्रंथाच्या 41 अध्यायांत मांडला. 1955 मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी वाजली.

'राष्ट्रसंत' म्हणून त्यांचा गौरव राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केला. 11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराजांचं निधन झालं. मोझरीला त्यांची समाधी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अनेक गावांत आजही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि खंजिरीवर त्यांची भजनं म्हटली जातात.