कॅप्टन मुल्ला आणि 'खुकरी'

मी पहूरचा. जळगाव-अजिंठा रस्त्यावरचं गाव, समुद्र कोसो दूर. तरी या अंकात एका दर्यावर्दी माणसाबद्दल लिहितोय, कारण त्याच्या गोष्टीत आपल्या इंजिनिअरिंगचाही धडा आहे.

महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म 15 मे 1926 रोजी गोरखपूरला झाला. 1948 साली ते नौदलात अधिकारी झाले. 1971 च्या युद्धात ते 14 व्या फ्रिगेट ताफ्याचे प्रमुख आणि 'आयएनएस खुकरी'चे कॅप्टन होते. 'खुकरी' इंग्लंडमध्ये बांधलेली, एकाच प्रोपेलरची, पाणबुड्या शोधून मारणारी फ्रिगेट.

दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा लागला. 8 डिसेंबरला 'खुकरी' आणि 'किरपाण' मुंबईहून निघाल्या. आता अडचण बघा. पाणबुडी सापडते सोनारने. पण जहाज जोरात पळालं की पाण्याचा आणि प्रोपेलरचा आवाज वाढतो, आणि पाणबुडीवरून परत येणारा बारीक प्रतिध्वनी त्यात हरवतो. आपण लॅबमध्ये सिग्नल टू नॉइज रेशो काढतो ना, तेच हे! नीट ऐकायचं तर हळू चला. हळू चाललात की शत्रूला नेम धरणं सोपं. त्यात 'खुकरी'वर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या नव्या उपकरणाची चाचणी चालू होती, म्हणून वेग कमीच होता. समोरची 'हंगोर' मात्र फ्रेंच बनावटीची, नवी आणि तिखट कानांची.

9 डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास टॉर्पेडो लागला. काही मिनिटांत 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, जमेल तितक्यांना बाहेर काढलं आणि आणखी कुणाला वाचवता येतं का ते बघायला ते पुन्हा ब्रिजवर गेले. ते परतले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

पुढे मुंबईच्या माझगाव गोदीतून 1972 साली 'निलगिरी' आणि 1983 साली 'गोदावरी' या फ्रिगेट नौदलात आल्या. 'गोदावरी'वर दोन सी किंग हेलिकॉप्टरं होती. सोनार हेलिकॉप्टरमधून दूर पाण्यात सोडायचा, म्हणजे ऐकण्यासाठी जहाजालाच पाणबुडीजवळ जायला नको.

मित्रांनो, डिझाइनमध्ये उरलेली उणीव शेवटी कुणीतरी माणूस भरून काढतो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'मर्यादा' हा परिच्छेद आपण दोन ओळींत उरकतो. मी तरी यापुढे तो नीट लिहिणार आहे.